ओठ जुळला, पुढे काय?

मेगन मायलन यांच्या ‘स्माइल पिंकी’ या लघुपटाला २००९ साली ऑस्कर मिळाले. दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने जुळतो, हे तो प्रभावीपणे दाखवतो. आमची तक्रार शेवटाबद्दल आहे. टाळूही दुभंगलेली असेल तर तिची शस्त्रक्रिया वर्ष-दीड वर्षाच्या आत, मग वाचा-उपचार, ८ ते १० व्या वर्षी हिरडीत हाड भरणे, असा क्रम चालतो. भिवंडीत यंत्रमाग कामगाराची मजुरी विणलेल्या मीटरवर ठरते. रुग्णालयाची प्रत्येक खेप म्हणजे बुडालेली मजुरी. शस्त्रक्रिया मोफत झाली तरी हे नुकसान उरतेच. त्यात ओठ जुळला की मूल ‘बरे’ दिसते आणि खेपा थांबतात. हसऱ्या चेहऱ्यावर संपणारा लघुपट हाच समज पक्का करतो. वर्गात तो जरूर दाखवावा. मात्र नाकात बोलणारे मूल गप्प का बसते, हेही शिक्षकांनी पाहावे.