सुडाचे हसे

कांती शाह यांचा 'गुंडा' १९९८ साली आला. तुटपुंज्या भांडवलाचा एक सूडपट म्हणून तो आला तसा गेला असता, तर त्याच्यावर दिवाळी अंकाची शाई खर्चण्याचे कारण नव्हते. पण तो गेला नाही. मारामारी पाहायला आलेला प्रेक्षक निराश होऊन परतला, आणि त्याच्यामागून दुसराच एक प्रेक्षक आला. तो पोट धरधरून हसला, अजून हसतो आहे.

पहिल्याची तक्रार खोटी नाही. कथा विस्कळीत, आणि ठोसा एकीकडे तर माणूस कोलमडतो भलतीकडेच. दुसऱ्याचे म्हणणे असे, की यातले खलपुरुष आपली ओळखसुद्धा यमकात करून देतात. मुकेश ऋषी काय, शक्ती कपूर काय, आपले मोहन जोशी काय, ती यमके अशा काही गांभीर्याने म्हणतात, की हसू आवरत नाही. हेही खरेच. वर्गात वृत्ते शिकवताना माझी दमछाक होते. ही यमके मात्र न शिकवता पाठ होतात!

गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी आम्ही चौघेपाचजण हा चित्रपट पाहत होतो. नायकाच्या बहिणीचा खून झाला आणि हशा पिकला. मीही हसलो. त्याची आई चहा घेऊन आली होती.

"कोण गेली रे?"

"नायकाची बहीण, आई."

"मग हसता कशाला?"

वयाने उत्तर द्यायची पाळी माझी होती. मी बशीत चहा ओतत राहिलो.

सूड म्हणजे दुःखाची परतफेड. इथे खलनायकाचीही बहीण मरते आणि तो शोकही यमकातच करतो. बढाई आणि विलाप एकाच चालीवर म्हटले, की प्रेक्षकाने रडावे कुठे? मग उरतो तो नुसता हिशेब: त्यांनी इतके मारले, याने तितके.

नायक मिथुन चक्रवर्ती यांना याहून निराळा सूड ठाऊक नव्हता, असे नाही. मृणाल सेन यांच्या 'मृगया'त (१९७६) ते आदिवासी शिकारी आहेत. हिंस्र जनावर मारले की साहेब इनाम देतो. म्हणून बायकोला पळवणाऱ्या सावकाराचे मुंडके घेऊन हा शिकारी मोठ्या आशेने साहेबाकडे जातो, आणि फासावर चढतो. त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नट तोच, स्त्रीवरल्या अन्यायाचा सूडही तोच. पण तिथे हसू येत नाही.

हसणाऱ्यांना मी दोष देत नाही, मी त्यांतलाच. मात्र 'हसून मुरकुंडी वळली' एवढेच मत देऊन थांबू नये. कशाला हसलो, तेही सांगावे. त्या माउलीचे उत्तर माझ्याकडे अजून बाकी आहे.