खेळणं संपतं तिथे व्हिडिओही संपतो

भाचीच्या पाचव्या वाढदिवसाला मी एक खेळणं नेलं. ते हातात घ्यायच्या आधीच ती म्हणाली, "मामा, मोबाईल लाव ना." मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. मग "हॅलो गाईज" म्हणून तिनं खोकं हळूहळू उघडलं, एकेक तुकडा कॅमेऱ्याजवळ नेऊन दाखवला, शेवटी "सबस्क्राईब करा" सांगून हात हलवला. आणि विचारलं, "अजून एक आहे?"

मला राग नाही आला, कारण नवा फोन घेतल्यावर मीही त्याचं प्लास्टिक असंच, सावकाश सोलतो. पण त्या रात्री मी असे व्हिडिओ एकामागून एक बघत बसलो.

यातला सगळ्यात गाजलेला अमेरिकेतला रायन. २०१५ साली आईवडिलांनी त्याचं चॅनल सुरू केलं तेव्हा तो तीन वर्षांचा होता. 'कार्स' सिनेमातल्या शंभरावर खेळण्यांनी भरलेलं भलंमोठं अंडं तो फोडतो, तो व्हिडिओ अब्जाहून जास्त वेळा पाहिला गेलाय. समीक्षक म्हणून बघितलं तर त्याची रचना पक्की आहे: उत्सुकता, फाडल्याचा आवाज, 'वॉव', की लगेच पुढचं. खेळणं कंटाळवाणं होण्याआधीच ते चौकटीबाहेर जातं. गाडीचं चाक निखळत नाही, दोन मुलं एकाच गाडीसाठी भांडत नाहीत. म्हणजे खेळ जिथे सुरू होतो, तिथे हे व्हिडिओ संपतात.

पुढे खेळणीच या व्हिडिओंच्या मापानं बनू लागली. २०१६ची 'एल.ओ.एल. सरप्राईज' बाहुली घ्या. एका गोळ्याला सात थर: चिठ्ठी, स्टिकर, बाटली, बूट, कपडे असं काय काय सोलत गेल्यावर शेवटी बोटभर बाहुली. कोणती निघेल ते आधी कळत नाही. ही कल्पना अनबॉक्सिंगच्या व्हिडिओंवरूनच सुचली, असं ती बनवणाऱ्या एमजीए कंपनीच्या प्रमुखानं सांगितलेलं आहे. आता गुपित खेळणी नवी नाहीत. वेफर्सच्या पाकिटातले टॅझो आम्हीही जमवले. पण टॅझो निघाल्यावर खरी मजा सुरू व्हायची. तो आपटायचा, जिंकायचा, हरायचा, दोन देऊन एक घ्यायचा. या बाहुलीचे मात्र सातही थर उघडण्यातच खर्ची पडतात.

मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल २०१९मध्ये यूट्यूबला १७ कोटी डॉलर्सचा दंड झाला, मुलांच्या व्हिडिओंवरच्या जाहिरातींचे नियम बदलले. ठीक आहे. पण इथे जाहिरात व्हिडिओच्या आधी येत नाही, व्हिडिओ हीच जाहिरात असते.

मग व्हिडिओच वाईट का? तसं म्हणायला गेलो की मला पुण्याचे अरविंद गुप्ता आठवतात. आयुकाच्या आवारातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी टाकाऊतून खेळण्यांचे कितीतरी छोटे व्हिडिओ केले, मराठीतही. बघायला गेलं तर मांडणी तीच: टेबल, दोन हात, मिनिटभराची गोष्ट. स्ट्रॉचं टोक चपटं करा, दोन्ही कडा तिरक्या कापा, तोंडात धरून फुंका; पिपाणी तयार. वाजवता वाजवता दुसरं टोक कापत गेलात की आवाज बारीक होत जातो. फरक एवढाच, की हा व्हिडिओ संपल्यावर तुमच्या हातात काहीच नसतं. उठून स्ट्रॉ शोधावा लागतो.

परवा मी भाचीला तो दाखवला. (प्लास्टिकच्या स्ट्रॉवर २०२२पासून बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ थुंकीनं लगेच भिजतो. माळ्यावर जुनं पाकीट सापडलं म्हणून निभावलं.) पहिले तीन वाजलेच नाहीत. ती वैतागली, कात्री फेकली, उठून गेली, परत आली. चौथ्यातून फाटक्या आवाजातलं बदक ओरडलं. मग तिनं मोबाईल मागितलाच. मला वाटलं, झालं, आता "हॅलो गाईज". पण तिला तो आवाज आजोबांना पाठवायचा होता. पाठवला, आणि त्यांचं उत्तर यायच्या आत पाचवा स्ट्रॉ कापायला घेतला.