उपकरण हरवले, की नियमाने नेले?

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील एका शाळेच्या संगणक कक्षात भिंतीवर चिकटवलेले एक टिपण आम्ही पाहिले: ‘उबुंटू 22.04 टाकल्यावर आर्डुइनो दिसत नसेल तर ब्रेलटीटीवाय काढून टाका.’ खाली आज्ञा होती. कारण मात्र नव्हते. असाच उपाय इतरत्रही सर्रास सांगितला जातो, म्हणून या टिपणाची परीक्षा करणे आम्हाला आवश्यक वाटते.

प्रथम, घडते काय ते पाहू. लिनक्समध्ये जोडलेल्या उपकरणांच्या नोंदी ‘डेव्ह’ या निर्देशिकेत असतात. आज या नोंदी डिस्कवर कायमच्या साठवलेल्या नसतात. उपकरण सापडले की कर्नल नोंद तयार करतो, उपकरण सुटले की ती जाते. ‘यूडेव्ह’ ही व्यवस्था लेखी नियमांनुसार त्या नोंदींना जादा नावे व उपनिर्देशिका जोडते. तेव्हा निर्देशिका ‘गायब’ झाली म्हणजे कोणी ती खोडली असे नव्हे. ती तयारच झालेली नसते, किंवा होऊन लगेच नाहीशी होते.

अनेक स्वस्त आर्डुइनो बोर्डांवर सीएच 340 ही चिप असते. संगणकाला ती आपली ओळख 1ए86:7523 या क्रमांकाने देते. हा क्रमांक चिपचा आहे, बोर्डाचा नव्हे. तीच चिप, त्याच क्रमांकासह, एका ब्रेल उपकरणातही वापरलेली आहे. एप्रिल 2022 मध्ये आलेल्या उबुंटू 22.04 मधील नियमामुळे हा क्रमांक दिसताच ब्रेलटीटीवाय पुढे होई व उपकरणाचा ताबा घेई. ‘टीटीवाययूएसबी0’ ही नोंद क्षणभर उमटून जाई. दुसरे सीरियल उपकरण नसल्यास ‘सीरियल’ ही निर्देशिकाही तिच्याबरोबर जाई.

आता हा ब्रेलटीटीवाय कोण? पडद्यावरील मजकूर ब्रेल-पट्टीवर उमटवून अंध वाचकाच्या बोटांखाली आणून देणारा प्रोग्रॅम! टिपणाप्रमाणे वागल्यास आर्डुइनो चालेल. पण उद्या एखादी अंध विद्यार्थिनी ब्रेल-पट्टी घेऊन त्याच संगणकाशी बसली, तर तिला काहीच वाचता येणार नाही, आणि का, हे शाळेत कोणालाही सांगता येणार नाही.

टिपणकर्त्याची अडचण आम्ही जाणतो. तास छोटा, मुले ताटकळलेली, आणि आज्ञा खरोखर चालते. परंतु विज्ञानाच्या वर्गात निदानापूर्वी औषध देणे बरे नाही. बोर्ड काढून पुन्हा जोडा, ‘डीमेसेग’ ही आज्ञा द्या आणि शेवटच्या ओळी विद्यार्थ्यांकडून वाचून घ्या. ताबा कोणी घेतला, त्याचे नाव तेथेच सापडते.

मग उपाय नेमका करता येतो. ‘यूएसआर’खालील ब्रेलटीटीवायच्या नियम-फाइलची त्याच नावाची प्रत ‘ईटीसी’खालील ‘यूडेव्ह’च्या ‘रूल्स.डी’ निर्देशिकेत ठेवा. प्रतीतील या एका क्रमांकाच्या ओळीपुढे # चिन्ह घाला आणि संगणक पुन्हा सुरू करा. आर्डुइनो परत येतो. स्वतःचा वेगळा क्रमांक असलेल्या ब्रेल-पट्ट्याही चालू राहतात. ब्रेलटीटीवायच्या कर्त्यांनीही पुढे स्वतंत्र क्रमांकाची आणि सामाईक चिपची उपकरणे यांचे नियम वेगळे केले.

निघताना मुख्याध्यापकांच्या परवानगीने आम्ही टिपणाखाली दोन ओळी लिहिल्या: ‘आधी डीमेसेग वाचा. काढून टाकण्यापूर्वी, हे कोणाच्या उपयोगाचे आहे, ते विचारा.’