मैना कुणाची, मुंबई कुणाची

अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड ऐकताना आधी कानात भरते ती ‘ची’. ओळीमागून ओळ या एका अक्षरावर येऊन टेकते. षष्ठीचा प्रत्यय यमक म्हणून इतका वेळ ताणून धरलेली दुसरी रचना मला चटकन आठवत नाही. शाहिराला हे यमक सोपं जातं हे खरं. नाम घ्यावं, प्रत्यय लावावा, पुढे सरकावं. पण इथे त्या प्रत्ययाला काम आहे. कोण कुणाचं, काय कुणाच्या मालकीचं, हे सांगणारी ही विभक्ती. एका गरीब माणसाच्या बायकोपासून निघालेली छक्कड शेवटी मुलूख कुणाचा या सवालावर पोचते आणि तेवढी सगळी वाट ती याच एका प्रत्ययाच्या आधाराने चालते. शिवाय ‘ची’ म्हटलं की पुढची किंवा मागची वस्तू स्त्रीलिंगीच हवी. मैना, काठी, वाट, गर्दी, मालकी आणि मुंबई या सगळ्या एका रांगेत येतात त्या अशा.

छक्कड हा लावणीचाच ठसकेबाज प्रकार. लावणी लालबाग-परळच्या कानाला नवी नव्हती. लालबागचं हनुमान थिएटर हे तमाशाचं घर होतं आणि गिरणीतली पाळी संपवून तिथे जाणारा प्रेक्षक सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे, नगर अशा मुलखांतून आलेला होता. विरहाची लावणीही त्याच्या परिचयाची. पण पेशवाईतल्या शाहिरांच्या विरहाच्या लावणीत बहुधा बाई बोलते. नवरा मोहिमेवर गेलेला, ती घरात एकटी, रात्र सरत नाही. अण्णा भाऊंनी हा साचा उलटा केला. इथे पुरुष बोलतो आणि तो मोहिमेवर गेलेला नाही, पोटासाठी मुंबईला आलेला आहे. पराक्रमाचा आधार त्याच्यापाशी नाही, बक्षिसी घेऊन परतण्याची आशा नाही. त्यामुळे लावणीतला शृंगार तसाच राहूनही त्यातली मिजास गळून पडते.

सुरुवातीला तो तिचं रूप सांगतो. या भागाकडे आपण वर्णन म्हणून पाहतो आणि पुढे जातो; इथे थांबायला हवं. उपमा कुठून येतात पाहा. गव्हाचा रंग, केतकीचा वास, दवण्याची काडी. दवणा हे चैत्रातलं, जोतिबाच्या यात्रेतलं झुडूप. ज्याने डोंगरावर देवाला वाहिलेला दवणा हुंगला आहे त्याला हे एक नाव पुरतं. सगळा कोल्हापूर-वाळव्याचा टापू त्या वासासरशी परळच्या खोलीत येतो. अण्णा भाऊंचं वाटेगाव याच वाळवा तालुक्यातलं. वडिलांबरोबर ते तिथून पायी मुंबईला आले. शाळेचं शिक्षण जवळजवळ नाहीच, अक्षरं मुंबईच्या पाट्यांवरून शिकलेली. अशा माणसाच्या लेखणीत निसर्ग अलंकारशास्त्रातून येत नाही, शेतातून आणि यात्रेतून येतो.

मग चंद्र, सोनं, हिरा अशी चढती कमान लागते. ऐकणारा सैलावतो, आता शृंगाराचीच रचना चालणार असं त्याला वाटतं. त्याच ओघात कवी आंधळ्याच्या काठीची उपमा घालतो. चंद्राच्या आणि हिऱ्याच्या शेजारी एक साधी काठी. सौंदर्य सांगता सांगता एकदम गरज बोलून जाते. ती सुंदर आहे, पण तिच्याशिवाय मला पाऊल टाकता येत नाही, हे त्याला खरं सांगायचं होतं आणि ते हिऱ्याच्या भाषेत सांगता आलं नसतं. पूर्वार्धातलं सर्वांत मोठं काव्य मला या एका काठीत दिसतं.

रूपवर्णनात राम-सीतेचाही उल्लेख येतो. लोकगीतात तो इतका रुळलेला की कान थांबत नाही. पण रामायणातली सीता वनवासाला सोबत जाते. हा राम एकटा निघतो, कारण त्याच्या वनवासात सीतेला जागाच नाही. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत पुरुषच पुरुष राहत. दिवसपाळीवाले उठले की रातपाळीवाले त्याच जागी अंग टाकत. जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे बहुधा चाळीतल्याच एखाद्या बाईचं घर, महिन्याच्या हिशेबावर आठ-दहा गड्यांचं जेवण रांधणारं. (याच खानावळवाल्या बायांना घेऊन १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.) बायको गावी राहायची ती निव्वळ खोली लहान म्हणून नव्हे. तुकडाभर जमीन, म्हातारी माणसं, एखादं जनावर तिच्या अंगावर होतं. गिरणीचा पगार एका माणसाला कसाबसा पुरे. कुटुंबाचं पोट गाव भरत असे. मुंबईचं कापड स्वस्त पडलं त्यात या मैनेच्या राबण्याचाही वाटा आहे. छक्कडीत हे कुठे सांगितलेलं नाही, पण तिच्या प्रत्येक ओळीखाली ते आहे.

निरोपाचा प्रसंग तर मोठ्या कथाकाराच्या हातचा आहे. भल्या पहाटेची वेळ, भाकरीचं गाठोडं, आणि गावदरीपर्यंत पोचवायला आलेली ती. इथे तिला शुक्राच्या चांदणीची उपमा मिळते. पहाटे निघालेल्या माणसाला आभाळात खरोखरच शुक्र दिसत असतो. म्हणजे ही उपमा शोधून आणलेली नाही, त्या वेळी डोक्यावर जे आहे तेच तिच्या तोंडावर दिसलं. आणि शुक्र उजेड वाढला की दिसेनासा होतो, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

ती उदास होते. मग तो तिला हसवायला दागिन्यांची बोली करतो. शिंदेशाही तोडे, कोल्हापुरी साज, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, गोखरू, मासोळ्या, सर्जाची नथ. पाऊल, गळा, कान, नाक, काही सोडत नाही. नुसती यादी म्हणून वाचली तर हा लोककलेतला नेहमीचा भाग. पण बोलणारा कोण आहे? हातात भाकरीचं गाठोडं असलेला, बेकारांच्या गर्दीत शिरायला निघालेला गडी. एकट्या कोल्हापुरी साजात चंद्र, कमळ, बेलपान, कासव अशी किती सोन्याची पानं ओवायची असतात. गिरणीत साच्यावर आयुष्य काढून त्यातलं एखादं पान होईल. दागिन्यांची नावं जसजशी वाढत जातात तसतसा त्याचा आवाज कापरा होत जातो, असं मला दर वेळी वाटतं. आश्वासनं वाढतात ती ऐकणारीचा विश्वास बसत नाही म्हणून. आणि ती हसत नाहीच. सबंध छक्कडीत मैना एक अवाक्षर बोलत नाही. तिचं न हसणं हेच तिचं बोलणं. मुंबईला गेलेल्या कितीकांनी असली बोली केली होती आणि त्यांतल्या किती नथी गावात पोचल्या, हे तिने शेजारपाजारी पाहिलेलं असणार. हात उंचावून ती मागे उभी राहते आणि तो छातीवर दगड ठेवून चालू लागतो.

मुंबईचा भाग त्यामानाने उणा आहे, हे मान्य करावं. श्रीमंतांच्या माड्या आणि बेकारांचे तांडे यांचा विरोध तिथे येतो, पण तो तयार साच्यातला आहे. हाच विरोध अण्णा भाऊंनी आपल्या ‘मुंबईची लावणी’मध्ये फार ताकदीने मांडला: वर मलबार हिल, खाली परळ, आणि मधे घामाचा हिशेब. पठ्ठे बापूराव यांनीही मुंबईची लावणी लिहिली होती, आणि तेही वाळवा तालुक्यातल्याच रेठऱ्याचे. एका तालुक्यातल्या दोन शाहिरांनी एकाच शहराकडे पाहिलं. एकाचे डोळे शहराच्या थाटाने दिपले, दुसऱ्याने तो थाट कुणाच्या श्रमावर उभा आहे ते विचारलं. मैनेच्या छक्कडीतली मुंबई मात्र मुख्यतः तिच्या अभावाने भरलेली आहे आणि शहराचं वर्णन लांबतं तिथे पकड थोडी सुटते.

ती पुन्हा आवळली जाते सांध्याच्या जागी. गावाकडे मैना आणि इकडे मी, भेट नाही. तीच दशा या तुकडे झालेल्या महाराष्ट्राची, असं म्हणून छक्कड एका पावलात घरातून राजकारणात येते. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव अशी गावं आणि मुलूख तोंडी येतात. प्रचारासाठी मागाहून जोडलेलं शेपूट, असं हा भाग ऐकून कुणी म्हणेल. मला ते पटत नाही.

कारण ही रचना ज्यांच्यापुढे झाली ते लोक डोळ्यांसमोर आणावे लागतात. १६ जानेवारी १९५६ रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्राच्या ताब्यात राहील असं जाहीर केलं. गिरगाव, लालबाग, परळ पेटून उठलं, पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्याआधी २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झालाच होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं मेली, त्यांत कामगार मोठ्या संख्येने होते. त्या दिवसांत परळच्या कामगार मैदानावर, नरे पार्कात, शिवाजी पार्कवर जो माणूस डफाच्या आवाजाभोवती गोळा होत होता, त्याचं घर सातारा-रत्नागिरीत आणि रोजी मुंबईत. मुंबई महाराष्ट्रातून काढली असती तर त्याची मनीऑर्डर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली असती, तो स्वतः शिमग्या-गणपतीला परमुलखातून घरी आला असता. राज्यपुनर्रचना आयोगाच्या अहवालातली भाषा त्याला कळो न कळो, ताटातूट त्याला पुरेपूर कळत होती. अण्णा भाऊंनी त्याला नकाशा समजावला नाही. त्याच्या अंगावर जी सीमारेषा आधीच ओढलेली होती तिच्यावर बोट ठेवलं. म्हणून मैना हे महाराष्ट्राचं रूपक आहे असं म्हणताना मी अडखळतो. रूपकात एक गोष्ट मागे हटते आणि दुसरी पुढे येते. इथे बायको मागे हटत नाही. दोन्ही ताटातुटी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दोन्हींचं मूळ, पोट आणि सत्ता दुसऱ्याच्या हाती असणं, हे एकच आहे. ‘ची’ला इथे धार चढते. इतका वेळ प्रेमाने म्हटलेली षष्ठी आता मालकीचा जाब विचारते.

हे पोचवायला तसे गळेही होते. अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारलं होतं. अमर शेखांचा पहाडी आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जाई. छापील पानावर ‘ची’ची रांग एकसुरी दिसेल, मैदानात झीलकरी ती उचलतात तेव्हा प्रत्येक ‘ची’नंतर जमावाचा श्वास त्यात मिसळतो. ती वाचण्यापेक्षा ऐकण्याची रचना आहे, पण ऐकून झाल्यावर वाचायलाच हवी अशीही आहे.

याच गिरणगावातून आलेल्या नारायण सुर्व्यांच्या कवितेशी तिची तुलना मनात येते. सुर्वे हे गिरणीकामगार गंगाराम सुर्वे यांना रस्त्यावर सापडलेलं मूल. त्यांना मागे राहिलेलं गावच नव्हतं. पुढे गंगाराम गावी परतले आणि पोरगा मुंबईतच राहिला. म्हणून ‘माझे विद्यापीठ’मधला माणूस शहराशी भांडतो ते घरच्यासारखा. अण्णा भाऊंच्या माणसाचं एक पाऊल कायम गावदरीवर अडकलेलं. कामगारांची कविता असं एकच नाव दोघांना देऊन भागत नाही.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला तो मुंबईसह, पण बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव बाहेर ठेवून. छक्कडीतली नावं तशीच उरली; बेळगावात मराठी माणसं आजही १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात. गिरण्या १९८२च्या संपानंतर एकेक करून गेल्या.

एक गोष्ट मात्र या छक्कडीबाहेर जाऊन शोधावी लागते, ती म्हणजे मैनेची बाजू. अण्णा भाऊंनी तिला बोलतं केलं नाही याची मला तक्रार नाही. तिच्या गप्प राहण्यापुढे पुरुषाची सगळी बोली हरते, हे त्यांनीच दाखवलं आहे. पण त्याला घालवून आल्यावर तिने काय केलं? भल्या पहाटेच जात्यावर बसली असेल. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. शाहिराने रचलेला पुरुषाचा आवाज एका हाती आणि दळता दळता बायांनी रचलेला त्यांचा स्वतःचा आवाज दुसऱ्या हाती घेऊन ही छक्कड वर्गात शिकवली जावी असं मला मनापासून वाटतं. त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारणीचं नाव आणि तिचं गावही नोंदलेलं आहे.