बिस्मथ टेल्युराइडचे थर आणि ‘व्हान डर वाल्स’ बंध : एक चिकित्सा

प्रास्ताविक : थरयुक्त धातू-टेल्युराइडांमध्ये बिस्मथ टेल्युराइडचे स्थान महत्त्वाचे आहे. १९५४ साली गोल्डस्मिड व डग्लस यांनी या संयुगाच्या साहाय्याने विद्युतप्रवाहापासून थंडावा मिळविता येतो हे दाखविले. २००९ मध्ये त्याच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांच्या विशेष अवस्थांमुळे ते पुन्हा चर्चेत आले. मात्र त्याच्या स्फटिकरचनेविषयी एक वाक्य पाठ्यपुस्तकांत व प्रकल्प-अहवालांत तपासणीविना पुढे सरकत आले आहे : ‘थर केवळ दुर्बल व्हान डर वाल्स बलांनी जोडलेले असतात.’ प्रस्तुत लेखात या विधानाचा परामर्श घेतला आहे.

रचना : पी. डब्ल्यू. लांगे यांनी १९३९ मध्ये या रचनेचे वर्णन केले. षट्कोनी एकक कोशिकेत ‘ए’ सुमारे ४.३९ व ‘सी’ सुमारे ३०.५ अँगस्ट्रॉम आहे. पाच अणुप्रतलांचा एक थर होतो. त्यांचा क्रम टेल्युरियम-१, बिस्मथ, टेल्युरियम-२, बिस्मथ, टेल्युरियम-१ असा असून कोशिकेत असे तीन थर असतात. टेल्युरियम-१ व बिस्मथ यांतील अंतर ३.०७, बिस्मथ व टेल्युरियम-२ यांतील ३.२५, तर शेजारच्या दोन थरांतील टेल्युरियम-१ अणूंमधील अंतर ३.६४ अँगस्ट्रॉम भरते.

१९५८ मध्ये ड्रॅबल व गुडमन यांनी या अंतरांवरून बंधांची मांडणी केली. थराच्या आतील दोन अंतरे वेगळी का, याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण आजही उपयुक्त आहे. दोन थरांमधील बंध मात्र त्यांनी व्हान डर वाल्स प्रकारात टाकला आणि पुढे हाच भाग सर्वाधिक उद्धृत झाला.

परीक्षण : बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांवरून उतरलेले तागे एकावर एक रचावेत, तसे विद्यार्थी हे थर डोळ्यांपुढे आणतो. एक तागा ओढून काढला तरी खालच्याला त्याची खबर नसते. आकडे मात्र निराळे सांगतात. टेल्युरियमची व्हान डर वाल्स त्रिज्या २.०६ अँगस्ट्रॉम धरली, तर नुसते टेकलेले दोन अणू ४.१२ अँगस्ट्रॉमवर असावयास हवेत. येथे ते सुमारे १२ टक्के अधिक जवळ आहेत. ग्रॅफाइटमध्ये हाच फरक जेमतेम दीड टक्का आहे : अपेक्षित ३.४०, प्रत्यक्ष ३.३५. शुद्ध टेल्युरियममध्ये एका साखळीतील अणू सुमारे २.८४, तर शेजारच्या साखळ्यांतील अणू सुमारे ३.४९ अँगस्ट्रॉमवर असतात. ३.६४ हे अंतर या दुसऱ्या आकड्याजवळचे आहे. म्हणजे थरांमध्ये काही प्रमाणात इलेक्ट्रॉनांची देवघेव आहे, असे मानणे भाग पडते.

उष्णतावहनही याला पुष्टी देते. ग्रॅफाइटमध्ये थरांच्या दिशेने व थरांना लंब दिशेने होणाऱ्या वहनात शेकडो पटींचा फरक असतो. बिस्मथ टेल्युराइडमध्ये तो सुमारे दुपटीचाच आहे.

हे स्फटिक याच प्रतलावर सहज चिरतात, हा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे, पण त्यातून एवढेच सिद्ध होते की हा बंध स्फटिकातील सर्वांत दुर्बल आहे. तो ‘केवळ’ व्हान डर वाल्स आहे, हे सिद्ध होत नाही.

पद्धतीतील दोष : पातळ फिल्मच्या क्ष-किरण विवर्तनात कण एकाच दिशेने मांडले गेले की तांब्याच्या किरणांनी १७.४ अंशांजवळची ००६ व ४४.५ अंशांजवळची ००१५ ही शिखरे वर येतात. एरवी प्रबळ असणारे २७.६ अंशांजवळचे ०१५ शिखर दबते. नुसत्या ००६ व ००१५ या शिखरांच्या स्थानांवरून ‘सी’ मिळते, अणूंची स्थाने नाहीत. थरांमधील अंतर तर अणूंच्या स्थानांवरच ठरते. तेव्हा अशा आलेखाखाली बंधाच्या प्रकाराविषयी निष्कर्ष लिहिणे म्हणजे न मोजलेल्या गोष्टीवर शिक्का मारणे होय.

निष्कर्ष : ‘थरयुक्त’ हा शब्द योग्य आहे, ‘केवळ’ हा शब्द नाही. अहवालात बंधाविषयी लिहावयाचे असल्यास पूड-नमुन्याचा संपूर्ण आलेख घेऊन अणुस्थाने निश्चित करावीत. त्यासाठी इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रातील इंडस-२ सिंक्रोट्रॉनसारखी सुविधा आपल्याच परिसरात आहे. तेवढे शक्य नसेल, तर मोजले तेवढेच लिहावे. वाक्य जुने आहे म्हणून ते प्रमाण ठरत नाही, हे विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेतच शिकविले गेले पाहिजे.