वसतिगृहातली शंका आणि माजघरातला देव

मूल कॉलेजात गेले की देवाला विसरते, अशी एक समजूत आमच्या चिंचणीत अजूनही घरोघर आहे. पूर्वी ही धास्ती मुंबईला शिकायला जाणाऱ्या मोजक्या मुलांपुरती होती. आता गावातच पी. एल. श्रॉफ कॉलेज आहे, वाणगावच्या स्टेशनात २०१३ पासून मुंबईची लोकल थांबते, आणि तरीही पुण्यामुंबईच्या वसतिगृहात राहायला गेलेल्या मुलामुलींच्या आया तीच जुनी काळजी करतात. सुट्टीत आलेला मुलगा एकादशीच्या दिवशी भात मागतो, किंवा मुलगी देवाला जायचे टाळते, आणि मग रस्त्यात गाठून मला विचारले जाते, "गुरुजी, त्या पुस्तकांत असतं तरी काय?"

प्रश्न आईचा असला तरी मला तो साहित्याचा वाटतो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. कॉलेजचे वसतिगृह मी पाहिले ते पुस्तकांतूनच. त्यामुळे घर सोडून शिकायला गेलेल्या आणि तिथे घरच्या धर्माविषयी शंका घेऊ लागलेल्या माणसांची पुस्तके मी नेहमी उंबऱ्याच्या आतून वाचत आलो. अशा वाचनातून माझे एक मत बनले आहे. शंका कशी आली, हे आपल्या लेखकांनी फार चांगले सांगितले आहे. पण ती शंका घेऊन माणूस घरी आला तेव्हा काय झाले, हे सांगताना बहुतेकांची लेखणी आखडते. वास्तविक शंकेची खरी कसोटी तिथेच असते. खोलीत एकट्याने देव नाकारायला फारसे लागत नाही. आईने पुढे केलेल्या प्रसादाच्या वाटीसमोर मात्र माणसाचा सगळा अभ्यास पणाला लागतो.

या मालिकेतले पहिले महत्त्वाचे पुस्तक म्हणजे बाबा पदमनजींचे 'अरुणोदय'. ते १८८८ साली प्रसिद्ध झाले. बाबांचा जन्म १८३१ सालचा, बेळगावातल्या कासार कुटुंबातला. बेळगावची मिशन शाळा, मग मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांचे विद्यालय, तिथला शास्त्रांचा आणि धर्मग्रंथांचा अभ्यास, जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेच्या गुप्त बैठका, आणि शेवटी १८५४ साली ख्रिस्ती धर्माचा स्वीकार, असा तो प्रवास आहे. त्या सभेचे सभासद एकत्र जमून पाव खात आणि जात मोडत. पण ती मोडलेली जात गुप्त ठेवण्याची मात्र शिकस्त करीत. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. ज्याला वसतिगृहातली शंका आणि माजघरातला देव यांतले अंतर मोजायचे असेल, त्याने या पावाच्या तुकड्याकडे पाहावे. तो खाण्याचे धैर्य होते. खाल्ला असे घरी सांगण्याचे नव्हते.

'अरुणोदय'चा गुण त्याच्या तपशिलात आहे. लहानपणीची पूजाअर्चा, व्रते, भाविक बालमनाची ओढ हे सारे बाबा मन लावून सांगतात. दोष त्याच्या नावातच आहे. सूर्य उगवल्यावर मागे वळून पाहणाऱ्याला मागची सगळी रात्रच दिसते. म्हणून बालपणीचा देव्हारा त्यांना सोडून देण्याची वस्तू म्हणूनच लिहावा लागतो. वाचकाला मात्र वाटत राहते की, त्या देव्हाऱ्याचे वर्णन इतके जिवंत उतरले आहे ते लेखकाच्या मनातून तो पुरता हलला नसल्यामुळे. पुस्तकाचा सिद्धान्त एक सांगतो आणि पुस्तकाची भाषा दुसरे. त्या फटीतच त्याचे वाङ्मयीन मोल आहे.

दुसरे नाव आगरकरांचे. कऱ्हाडजवळच्या टेंभूला १८५६ साली जन्मलेला हा गरीब मुलगा कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे करीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पोहोचला. तिथे मिल आणि स्पेन्सर त्याच्या हाती लागले, आणि ईश्वर, आत्मा, परलोक यांपैकी काहीही केवळ पूर्वजांनी सांगितले म्हणून मानायचे नाही, असा त्याचा निश्चय झाला. पुढे 'सुधारक'कार झालेल्या आगरकरांचा 'देवतोत्पत्ति' हा निबंध त्याच निश्चयाचे फळ होय. माणसाच्या मनात देव कसा उपजला असेल, हे त्यांनी एखाद्या वनस्पतीची वाढ सांगावी तितक्या शांतपणे सांगितले आहे.

कॉलेजामुळेच मुले बिघडतात असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. त्याच डेक्कन कॉलेजात, त्याच सुमारास, टिळकही शिकत होते. दोघे मित्र. देशासाठी शाळा काढायचे बेत दोघांनी तिथेच केले. इंग्रजी ग्रंथ दोघांनीही पचवले होते. पण एकाने पुढे ईश्वराला बुद्धीच्या पिंजऱ्यात उभे केले आणि दुसऱ्याने १९१५ साली 'गीतारहस्य' प्रसिद्ध केले. एकाच विहिरीचे पाणी दोन शेतांत गेले आणि दोन वेगळी पिके आली. मग दोष द्यायचा तो विहिरीला कसा?

आगरकरांचे आईला लिहिलेले पत्र महाराष्ट्राला ठाऊक आहे. मोठमोठ्या परीक्षा दिल्या म्हणून मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील अशी आशा धरू नकोस. पोटापुरते मिळवून बाकीचा वेळ मी लोकांच्या कामी लावणार आहे, असा त्याचा आशय. माणूस हेलावून जावा असेच ते पत्र आहे. परंतु लोकांच्या ओठांवर असलेला त्यातला मजकूर पैशाविषयी आहे, देवाविषयी नाही. निबंधात तर्क आहे, पत्रात माया आहे; दोन्ही एकाच कागदावर उतरलेली दिसत नाहीत. तरी आगरकरांच्या घरात ती एकत्र नांदत होती. यशोदाबाई श्रद्धाळू होत्या, आणि पतीने त्यांची व्रतवैकल्ये बंद पाडली नाहीत. ज्यांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली, त्या गृहस्थाने आपल्या बायकोच्या देवाला हात लावला नाही, यातले धैर्य मला 'सुधारक'च्या अग्रलेखांपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही. आमच्या समीक्षेने अग्रलेखांवर ग्रंथ लिहिले, आणि हे घर एका ओळीत आटोपले.

धोंडो केशव कर्व्यांचे 'आत्मवृत्त' १९१५ सालचे. त्यांची शंका काही एकदम कॉलेजात उपजली नाही. मुरूडच्या दुर्गादेवीच्या देवळात बसून गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवणारा हा मुलगा. देऊळच त्याचे पहिले वाचनालय. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली ते बी.ए. झाले, आणि १८९३ साली त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला. मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले. मुंबईपुण्यात घेतलेल्या निर्णयाची झळ कोकणातल्या आईला आणि भावाला लागली. हे सांगताना अण्णासाहेबांचा सूर कुठेही चढत नाही. गावाला ते दूषण देत नाहीत, की स्वतःला हुतात्मा म्हणवून घेत नाहीत. शाळेच्या हिशेबाच्या वहीत जमाखर्च मांडावा तसे ते मांडतात. या कोरडेपणाला काही वाचक कंटाळतात. पण आपल्या विचाराची किंमत दुसऱ्याने मोजली हे ज्याला कळले आहे, तोच असे लिहू शकतो.

कादंबरीकडे वळले तर वामन मल्हार जोशींना टाळून पुढे जाता येत नाही. 'सुशीलेचा देव' ही त्यांची कादंबरी १९३० साली आली. बाईच्या मनातल्या देवाची वाढ हाच जिचा विषय, अशी कादंबरी मराठीत तोवर झाली नव्हती. लहानपणीच्या मूर्तीपासून सुरू झालेली सुशीलेची देवाची कल्पना वयाबरोबर, अनुभवाबरोबर बदलत जाते आणि माणसांच्या सेवेपर्यंत येऊन पोहोचते. वामन मल्हारांनी देव मोडला नाही, वाढू दिला. मला ही दृष्टी फार मोलाची वाटते. लहानपणचा सदरा अंगाला होईना म्हणून कोणी त्याला शिव्या घालीत नाही, किंवा तोच अंगात कोंबायचा हट्टही धरीत नाही. मात्र वामन मल्हारांची माणसे बोलतात फार. त्यांचे देव चर्चेत बदलतात. चुलीपाशी, आजारपणात, कर्ज फेडताना, लग्नाची बोलणी फिसकटल्यावर बदलताना कमी दिसतात. तत्त्वज्ञ लेखक दिवाणखान्यात रमला आणि माजघर पुन्हा मागे राहिले.

ते माजघर मराठीला दिले लक्ष्मीबाई टिळकांनी. त्या कधी कॉलेजात गेल्या नाहीत. म्हणूनच या यादीत त्यांचे नाव मला सर्वांत वर लिहावेसे वाटते. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. माहेरी वडिलांचे सोवळे इतके कडक की मीठसुद्धा धुवून घरात यायचे. सासरी नवरा कवी, विद्वान, आणि चंचल. नारायण वामन टिळकांच्या मनात शंका आली, आगगाडीच्या प्रवासात भेटलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना बायबल दिले, आणि १८९५ साली त्यांनी धर्म बदलला. एखाद्या पुरुषाच्या आत्मचरित्रात हा शेवट झाला असता. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात इथून खरी गोष्ट सुरू होते.

मागे राहिलेली बायको, लहान मूल, नातेवाईकांची कीव, पंढरपुरातला मुक्काम, आणि काही वर्षांनी पुन्हा त्याच नवऱ्याकडे जाणे. गेल्या तरी त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला. नवऱ्याने मत बदलले म्हणून आपले मत बदलले असे त्यांनी केले नाही. जातिभेद देवाने केला नसून माणसांनी केला, हे त्यांचे त्यांनाच एके दिवशी उमगले, तेव्हाच त्यांनी सोवळे सोडले. आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला तोही आपल्या पायांनी चालत जाऊन. हे सारे सांगताना त्या स्वतःला हसतात, नवऱ्याला हसतात, आणि वाचकाचे डोळे कधी भरून आले ते त्याला कळतही नाही. शंका घेणाऱ्यापेक्षा शंकेबरोबर राहावे लागणाऱ्याची गोष्ट मोठी असू शकते, हे या पुस्तकाने दाखवून दिले.

इथे एक भेद सांगितला पाहिजे. वर आलेली बहुतेक माणसे अशा घरांतली, ज्यांना देऊळ उघडे होते. उघड्या देवळातून बाहेर पडणे ही एक गोष्ट आणि देवळाच्या पायरीवरच अडवले जाणे ही निराळी. बाबासाहेब आंबेडकरांच्या घरी कबीरपंथाची भक्ती होती, वडील मुलांकडून भजने म्हणवून घेत. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा कृष्णराव केळुसकरांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि १९५६ साली नागपूरला त्यांनी लाखो माणसांसह बौद्ध धर्म स्वीकारला. या दोन घटनांत जवळजवळ पन्नास वर्षे आहेत. ज्याला धर्माने माणूस म्हणून नाकारले त्याचा प्रश्न वसतिगृहात कुठल्या इंग्रज ग्रंथकाराने शिकवावा लागत नाही. गावच्या पाणवठ्यावर तो आधीच शिकून झालेला असतो. शिकल्यावर मिळते ते फक्त बोलायचे बळ. आमच्या समीक्षेने या दोन शंकांना एकाच तागडीत घालू नये.

आता पुन्हा आमच्या गावाकडे येतो. चिंचणीत गेल्या शतकात काही ताम्रपट सापडले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा आहे. त्या वेळी संजाणचा कारभार मधुमती नावाचा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी पाहत होता. हे नाव महंमद या नावाचे रूप असावे असे विद्वान मानतात. या अधिकाऱ्याने देवीच्या मठासाठी, तिच्या नैवेद्यासाठी गाव दिल्याची नोंद त्या तांब्यावर आहे. देवी त्याची नव्हती. नैवेद्याची सोय मात्र त्याने केली. हजार वर्षांपूर्वीचा हा अधिकारी आणि यशोदाबाईंचा देव्हारा न हलवणारे आगरकर यांचे कारण एक नव्हे. एकाला राज्य चालवायचे होते, दुसऱ्याला माणूस जपायचा होता. तरी आपल्याला न पटणारा देव दुसऱ्याच्या घरात सुखाने राहू द्यावा, ही रीत आमच्या किनाऱ्याला नवी नाही, एवढे त्यावरून खास म्हणता येते.

म्हणून मला विचारणाऱ्या आईला मी पुस्तकांची नावे सांगतो. मुलाने आगरकर वाचले असतील तर तुम्ही 'स्मृतिचित्रे' वाचा, आणि वाचून झाल्यावर पुस्तके अदलाबदल करा. आणि मुलालाही माझे एक सांगणे असते. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगणात कारीट फोडायचे की नाही, हे तुझे तू ठरव. पण ते न फोडण्याचे कारण आईला समजेल अशा मराठीत सांगता येते का, ते आधी पाहा. सांगता आले नाही, तर तुझा विचार अजून पिकला नाही असे समज. आईनेही मुलाचे उत्तर पुरते ऐकून घ्यावे. अर्ध्यावर रडू नये. प्रश्न विचारणारे पोर घर सोडून चाललेले नसते. ज्याला घराशी काही घेणे नसते तो प्रश्नसुद्धा विचारीत नाही. मुकाट्याने प्रसाद खातो आणि गाडी पकडतो.

नव्या कादंबरीकारांकडे माझे मागणे एवढेच आहे. आमच्या मुलांच्या खोल्या, त्यांचे वादविवाद, रात्रीची जागरणे हे सारे तुम्ही लिहिता, चांगले लिहिता. आता वाणगावला उतरून रिक्षाने घरी येणाऱ्या त्या मुलीबरोबर एकदा आत या. ओटीवर थांबू नका. स्वयंपाकघरात तिची आई चकल्या तळते आहे आणि देवापुढे दिवा लावायचा राहिला आहे. तो आज कोण लावील, यावर तुम्हाला अख्खी कादंबरी लिहिता येईल. आणि ती मराठीत अजून लिहायची आहे.