पापण्यांचे केस, ७८ टक्के आणि मोजपट्टी कोणाची?

मागच्या दिवाळीत यवतमाळला घरी गेले होते. मावसबहिणीचं लग्न ठरलेलं. तिने पर्समधून डोळ्यात टाकायच्या थेंबांची छोटी बाटली काढली आणि विचारलं, "ताई, हे पापण्यांले लावलं तर चालते का? केस दाट होतात म्हणे." बाटलीवर नाव होतं बायमॅटोप्रोस्ट, ०.०३ टक्के. म्हणजे काचबिंदूचं औषध. एका मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं. आणि मोबाइलवर तिने एक आकडा वाचला होता : ७८ टक्के लोकांना फरक पडतो.

मी लगेच "नको" म्हटलं. पण का नको, ते धड सांगता आलं नाही. म्हणून मूळ पेपर काढून वाचला. तोच आज तुमच्यासोबत वाचू. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय किंवा सिनॉप्सिस लिहिताय. 'लिटरेचर रिव्ह्यू' म्हणजे निष्कर्ष उतरवून काढणं नव्हे, हे दाखवायला हा पेपर चांगला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. या जातीच्या औषधांनी डोळ्यातला दाब कमी होतो. १९९७ मध्ये डॉ. मरे जॉनस्टन यांनी याच गटातल्या लॅटानोप्रोस्टबद्दल एक निरीक्षण छापलं. रुग्ण एकाच डोळ्यात थेंब टाकत होते आणि त्याच बाजूच्या पापण्यांचे केस लांब, दाट, काळे झाले होते. दुसरा डोळा जसाच्या तसा. इथे जरा थांबा. माणूस तोच, वय तेच, खाणंपिणं तेच, फरक फक्त थेंबांचा. तुलनेसाठी दुसरा गट शोधायची गरजच पडली नाही. असं 'कंट्रोल' आयतं मिळणं म्हणजे संशोधकाचं नशीब, पण ते ओळखायला नजर लागते.

पुढे अॅलर्गन कंपनीने बायमॅटोप्रोस्टची पापण्यांसाठी चाचणी घेतली. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत 'लॅटिस' नावाने मंजुरी मिळाली, तीही डॉक्टरच्या चिठ्ठीवर. चाचणीचा पेपर आला २०१२ मध्ये. एकूण २७८ सहभागी : १३७ जणांना औषध, १४१ जणांना औषध नसलेलं द्रावण. वाटणी यादृच्छिक, कोणाला काय मिळतंय हे सहभागींनाही ठाऊक नाही, तपासणाऱ्यांनाही नाही. रोज रात्री वरच्या पापणीच्या कडेला लावायचं, १६ आठवडे. निकाल असा : औषधाच्या गटात ७८ टक्के लोकांत सुधारणा, दुसऱ्या गटात १८ टक्के.

रचना चोख आहे, हे मान्य करूनच पुढे जाऊ. टीका म्हणजे चुका काढत सुटणं नाही. औषध काम करतं, यात वाद नाही. माझा प्रश्न वेगळा आहे : 'सुधारणा' म्हणजे काय, आणि ती कोणी ठरवली?

पहिला मुद्दा मोजपट्टीचा. पापण्यांना चार श्रेणी दिल्या होत्या : अगदी कमी, मध्यम, ठळक, फार ठळक. एक पायरी वर गेलं की सुधारणा. ही मोजपट्टी औषध विकणाऱ्या कंपनीनेच तयार करवून घेतली. आणि चाचणीत घेतलं कोणाला? 'अगदी कमी'वाल्यांना, आणि 'मध्यम'वाल्यांनाही. आता सांगा, मध्यम पापण्या हा आजार आहे का? कागदावर आजाराचं नाव 'हायपोट्रायकोसिस', म्हणजे केसांचा विरळपणा. पण मध्यम पापण्यांची बाई त्यात बसते, तर माझी बहीण बसते, मीही बसते. रोगाची व्याख्या सैल केली की रोगी वाढतात, आणि गिऱ्हाईकंही.

दुसरा मुद्दा टक्क्यांचा. केसांची लांबी सरासरी २५ टक्के वाढली, असं ऐकलं की केवढं वाटतं! मिलिमीटरमध्ये ती वाढ १.४ आहे. दाटपणा १०६ टक्के वाढला म्हणतात, पण ते फोटोतल्या ठराविक भागात केसांनी व्यापलेल्या जागेचं माप आहे; केसांची संख्या दुप्पट झाली असा त्याचा अर्थ नाही. टक्का दिसला की आधी विचारा : कशाचा, आणि एकक कुठलं?

तिसरा मुद्दा वेळेचा आणि माणसांचा. १६ आठवड्यांत डोळे लाल होण्याचं प्रमाण ४ टक्क्यांहून कमी होतं. पण काचबिंदूच्या रुग्णांमध्ये बुबुळाचा रंग गडद व्हायला महिने, कधी वर्षं लागतात, आणि तो बदल बहुधा कायमचा असतो. दीर्घकाळ वापरल्यास डोळ्याभोवतीची चरबी घटून डोळा खोल गेल्यासारखा दिसतो. एवढ्या छोट्या चाचणीत हे दिसणारच नाही. शिवाय सहभागी बहुतेक गोऱ्या वर्णाच्या बायका होत्या. पापणीची कातडी काळपट होणं गव्हाळ रंगावर कसं दिसेल, याचं उत्तर त्या आकड्यांत नाही.

मग हे औषध फालतू का? अजिबात नाही. केमोथेरपीत ज्या बाईच्या पापण्या गळून गेल्या, तिच्यासाठी १.४ मिलिमीटरचा अर्थ वेगळा असतो. तशा रुग्णांवर स्वतंत्र चाचण्या झाल्या आहेत, जपानमध्येही. तिथे आजार खरा होता आणि मोजपट्टीला अर्थ होता.

बहिणीला मी शेवटी फोनवर तीन गोष्टी सांगितल्या. लावणं बंद केलं की पापण्या हळूहळू पूर्ववत होतात, म्हणजे हे लग्नापुरतं काम नाही. दुसरं, या थेंबांनी डोळ्यातला दाब उतरतो; उद्या डोळे तपासायला गेलीस तर डॉक्टरांना सांगावं लागेल, नाहीतर दाबाचं माप फसवं येऊ शकतं. आपल्या आजीला काचबिंदू होता, हे विसरू नको. तिसरं, लावायचंच असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. ती म्हणाली, "एवढं मले आधी कोणी सांगतलंच नाही." पेपरनेही सांगितलं नव्हतं, कारण त्याला तो प्रश्न विचारलाच नव्हता.

आता तुमचं काम. तुमच्या विषयातला, सगळे डोळे झाकून उद्धृत करतात असा एक पेपर घ्या. निष्कर्ष झाका आणि फक्त पद्धतीचा भाग वाचून वहीत चार ओळी लिहा : कोणाला घेतलं, काय मोजलं, मोजपट्टी कोणी बनवली, किती दिवस पाहिलं. मग निष्कर्ष उघडा. त्या चार ओळींत न मावणारं वाक्य निष्कर्षात सापडलं, तर तुमच्या सिनॉप्सिसचा 'रिसर्च गॅप' बहुतेक तिथेच आहे.